नाकाच्या उंचीवर

सुनावणीच्या खोलीत एकतीस खुर्च्या होत्या. बावीस देशांचे बावीस प्रतिनिधी, एक अध्यक्षबाई, सात माणसं सोल्युशन बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची. उरलेल्या खुर्चीत चप्पल-बूट कामगारांची रसायनतज्ज्ञ बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

सोल चिकटवायच्या सोल्युशनची वाफ हवेच्या दशलक्ष भागांत पन्नासच्या वर नको, हे ठरलं होतं. मोजायची कुठे, यावर घोडं अडलं होतं. मसुद्यात होतं, 'खोलीच्या मध्यभागी, दीड मीटर उंचीवर.' वाक्य संघटनेच्या पत्रकातून जसंच्या तसं आलेलं, स्वल्पविरामासकट.

तिच्या मावशीनं अर्धं आयुष्य बसून सोल चिकटवले. त्या वाफेनं बोटं बधिर झाली; आता तिला ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत.

संघटनेतर्फे उठले ते तिचेच जुने प्राध्यापक.

“अगं, तू इकडे कुठे वाट चुकलीस?”

“मी नाही चुकले, सर. मसुदा चुकलाय. दीड मीटरवर कोणाचं नाक असतं?”

“उभ्या माणसाचं!”

“उभ्यानं सोल चिकटवून दाखवा.”

तिनं पिशवीतून डबा, ब्रश आणि एक सोल काढला. संघटनेचा वकील ताडकन उठला. “हा काय पोरखेळ लावलाय!”

“प्रात्यक्षिक कधी टाळू नये, हे सरांनीच शिकवलंय,” ती म्हणाली.

खोलीत खसखस पिकली. सर जरा लाजले, पण मागे हटेनात. अध्यक्षबाईंनी खिडक्या उघडायला लावल्या. “होऊन जाऊ द्या. पण लवकर आटपा.”

पिशवीतल्या दोन वाफमापकांपैकी एक तिनं खोलीच्या मध्यभागी दीड मीटरच्या स्टँडवर ठेवला. दुसरा सरांच्या कॉलरला लावला.

सरांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, उभ्यानंच ब्रश फिरवला. सोल्युशन कडेबाहेर ओघळलं.

“हा सोल बाद, सर. मावशीची मजुरी कापली असती.”

“थांब गं जरा!” त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा वर केला आणि कड नीट दिसावी म्हणून डबा जवळ घेऊन खाली वाकले. या वेळी रेघ सरळ आली.

“वाचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

वकील म्हणाला, “नोंद करू नका!”

“नोंद होणार,” ती म्हणाली आणि दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले.

स्टँडवर चार. कॉलरवर एकशे सदतीस.