चौथं शील

माझ्या पीएच.डी.च्या समारंभाला बाबा नागपूरहून अमेरिकेत, स्टेट कॉलेज या गावी आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि विहारातल्या बायांनी दिलेले सांडगे जास्त होते. माझी रूममेट रेखा पुण्याची. काका-काका करत तिने त्यांना दोन दिवसांत आपलंसं केलं.

बुद्धपौर्णिमेला तिने खीर केली. मी टीव्हीवर बुद्धाचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली. बाबांनी वंदना सांगायची आणि आम्ही मागून म्हणायची. आमच्या वस्तीच्या विहारात वंदना त्यांच्याच आवाजात व्हायची. परदेशात त्या आवाजासाठी मी आसुसले होते.

त्रिशरण झालं. मग पंचशील. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, अशी तीन शीलं झाली आणि बाबा थेट दारूच्या शीलावर गेले. मधलं, खोटं न बोलण्याचं, राहिलंच.

"बाबा, चौथं राहिलं," मी म्हणाले. मला वाटलं, वय झालं.

"राहिलं नाही, सुमेधा. मी घेतच नाही ते. तुझ्या दाखल्याच्या दिवसापासून."

"कसला दाखला, काका?" रेखाने विचारलं.

मीच सांगितलं. मी आले ती केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ती अनुसूचित जातींसाठी, आणि बौद्ध झालेल्यांना दिल्ली त्यात धरत नव्हती. धर्म बदलला की अस्पृश्यता संपली, असं सरकारचं म्हणणं. आमच्या घरमालकाला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या माझ्या बापाला तहसील कचेरीत शपथेवर लिहून द्यावं लागलं, की आम्ही हिंदू महार. तेव्हा कुठे मी विमानात बसले.

"पण काका, ती नुसती फॉर्मॅलिटी यार. सगळेच करतात."

"करतात ना. काय करतील बिचारे," बाबा म्हणाले. "पण मी शपथ घेऊन खोटं बोललो, बेटा. आता बुद्धापुढे कोणत्या तोंडाने म्हणू?"

मला इतका संताप आला की खिरीची वाटी मी बाजूला सारली. "मी सरकारला लिहिते, तो दाखला खोटा आहे म्हणून."

"मग तुझी डिग्रीही खोटी ठरवतील. नको. ते खोटं माझ्या एकट्याच्या नावावर राहू दे. तू म्हण चौथं, मी ऐकतो."

मी म्हटलं. बाबा हात जोडून, मान खाली घालून गप्प बसले आणि पाचव्याला पुन्हा माझ्याबरोबर म्हणू लागले.

अठ्ठ्याऐंशी साली बाबा गेले. विहारातली मंडळी खाटेभोवती पंचशील म्हणत होती आणि बाबांचे ओठ हलत होते. चौथ्याला ते मिटले, असं आईने फोनवर सांगितलं.

दोन वर्षांनी दिल्लीने कायदा बदलला. आता बौद्ध लिहिलं तरी दाखला मिळतो, खोटं बोलावं लागत नाही. हे ज्याला सांगायचं, तो माझा बापच उरला नाही.