महानंदाच्या चार ओळी

त्या वर्षी केंद्रशाळेच्या मासिक बैठकीत मला अर्धा तास मिळायचा. आमच्या केंद्रात लॅपटॉप आणखी दोघा-तिघांकडे होते, पण पिशवीतून बाहेर काढणारी मी एकटीच. पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी सोप्या सूचना लिहायच्या, झेरॉक्स काढायच्या, वाटायच्या. फाईलला नाव देताना तारीख घाला. कविता एकदा चांगली म्हणून मोबाइलमध्ये भरून ठेवा, घसा बसला तरी वर्ग अडत नाही. लाल बटण दाबलं की भरणं सुरू, चौकोन दाबला की बंद.

"मॅडम, आमच्या शाळेत लाईट मंगळवारची येती," शेषेराव गुरुजी मागच्या बाकावरून म्हणायचे. "मी तुमच्या सूचना मंगळवारच्या मंगळवार वापरायलोय."

सगळे हसायचे. शहजादीबाई मात्र कागदाच्या चार घड्या करून पर्समध्ये ठेवायच्या. निलंग्याहून एसटीनं येणाऱ्या, तीस वर्षं पहिलीचाच वर्ग घेणाऱ्या या बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. आता हे शिकून काय करणार, असं मला वाटायचं.

एप्रिलच्या बैठकीनंतर त्या थांबल्या.

"मालविका, कॅसेटमधलं मोबाइलमध्ये जातं का गं?"

"जातं की. एक वायर लागते फक्त."

"कॅसेटला काही होत नाही ना?"

"काही होत नाही, बाई," मी म्हणाले. मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

ती कॅसेट भूकंपाच्या वर्षाची होती. तेव्हा शाळांना टेपरेकॉर्डर आले होते, सोबत मार्गदर्शनाच्या सरकारी कॅसेटी. त्यांवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून पाठीवरचे दोन बारके दात मोडलेले असायचे. त्या खाचांत कागदाचे बोळे ठासले की भरता येतं, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं. बाईंनी तेच केलं, आणि कुणा साहेबांच्या भाषणावर पहिलीच्या एकोणीस लेकरांच्या कविता भरून घेतल्या. अनंत चतुर्दशीला सुट्टी होती. शाळेत उंदीर लई, म्हणून टेप आणि कॅसेट पिशवीत घालून त्या निलंग्याला घरी घेऊन गेल्या. सुट्टी संपायच्या आत गाव संपलं. एकोणिसातल्या अकरा जणांचे फितीवरचे आवाज तेवढे राहिले.

त्यातला एक महानंदाचा. गावातल्या गुरुपादप्पांची सहा वर्षांची लेक. बायको आणि लेक दोघी एकाच भिंतीखाली गेल्या. लेकीचा फोटो नव्हता. फोटोला निलंग्याला जावं लागायचं, आणि दिवाळीत जाऊ असं घरात ठरलं होतं.

गुरुपादप्पा पुढं लातूरला गेले. तिथं कोचिंग क्लासेसचा जोर वाढला, गल्लोगल्ली वसतिगृहं झाली, आणि डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींच्या एका मेसमध्ये ते पोळ्या करायला लागले. दरवर्षी त्या तारखेला सुट्टी घेऊन ते नव्या गावातल्या शाळेत यायचे. वर्गाबाहेर चप्पल काढायचे, पोरांच्या ओळीत मांडी घालून बसायचे. बाई टेप लावायच्या.

एक दाणा जोंधळ्याचा, दोन पानं फुटली,
तीन कणसं राखता राखता चार पाखरं उठली,
पाच पाखरं परत फिरली, सहावं गेलं लांब,
सात डोंगरांच्या पल्याड, थांब पाखरा, थांब.

एकदाच ऐकायचे. पुन्हा लावा म्हणायचे नाहीत, फीत झिजेल म्हणून. ते गेले की बाई पेन्सिल घालून फीत उलटी फिरवायच्या आणि बरोबर महानंदाच्या आधी आणून ठेवायच्या. पुढच्या वर्षी आल्या आल्या लेक बोलली पाहिजे, मधे ताटकळत बसायला नको.

आता बाई शाळा सोडणार होत्या. फीत दोनदा अडकली होती. गुरुपादप्पांनी त्यासाठीच कार्डवाला मोबाइल घेतला होता, आणि रविवारी आम्ही तो आवाज भरून घेऊन येऊ असं बाईंनी त्यांना कळवलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी पहिलीच्या वर्गात बसलो. टेपमध्ये नवे सेल घातले. वायर जोडली. लॅपटॉपवरचं लाल बटण दाबलं, आणि माझा हात त्याच ओघात टेपवरच्या लाल बटणाकडं गेला. कॅसेट सरकारी आहे, तिचे दात मोडलेले असणार, एवढं मी धरून चालले होते. बोळे पाहिले नव्हते. दात मोडलेले असले की ते बटण दबत नाही. इथं ते खाली गेलं.

पडद्यावरची रेघ सपाट चालली होती.

"बाई, आवाज येईना. वायर सैल असंल."

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "ती सुरुवातीला लाजते."

आम्ही थांबलो. मी वायर हलवली, आवाज वाढवला. किती वेळ गेला ते नंतर फितीवरूनच कळलं. एक मिनिट आणि थोडं वर. मग बाईंनी वाकून टेपकडं पाहिलं आणि चौकोनाचं बटण स्वतः दाबलं.

फीत मागं घेऊन लावली. खरखर, खुर्ची सरकल्याचा आवाज, माझं बोलणं, बाईंचं बोलणं. मग एकदम दुसऱ्याच मुलाची कविता, अर्ध्यातून.

बाई पेन्सिल हातात घेऊन बसल्या. मला रडू फुटलं तरी त्यांनी मला गप्प केलं नाही.

डोळे पुसून मी म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गातली कुणी मुलगी... हीच कविता पोरी अजून म्हणतात. तेवढ्याच वयाची."

"तो ओळखील."

"आता कानानं कमी ऐकू येतं त्यांना."

"मग न्हाई ओळखणार," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकीला मरेपर्यंत कानाशी धरून बसंल. हे तू मला सांगू नको, बेटा."

रविवारी आम्ही लातूरला गेलो. मेसमध्ये पहिली पंगत उठली होती. गुरुपादप्पांनी पिठाचे हात पुसले, फळीवरून मोबाइल काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, काचेवरचा कागदही काढलेला नव्हता.

"या बाई. उन्हाचं आलात. ह्या मॅडम त्या व्हय, कॉम्प्युटरवाल्या?"

"आप्पा, बसा," बाई म्हणाल्या.

"मी बसतो, तुम्ही बोला."

"महानंदाचं पुसलं गेलं."

"माझ्या हातानं," मी म्हणाले.

"कागद मी कोंबला होता," बाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत काढायचं सुचलं न्हाई मला."

गुरुपादप्पांनी मोबाइल मांडीवर ठेवला.

"सगळं?"

"तिचं सगळं. पुढच्याचं अर्धं. बाकीची हायत."

"आता काय हाय तिथं?"

बाईंनी पिशवी जवळ ओढली.

"लावा की. काय हाय ते ऐकू द्या."

बाईंनी पिशवीतला टेप ओट्यावर ठेवला आणि लावला. खरखर. वायर सैल असंल. थांब जरा, ती सुरुवातीला लाजते. गुरुपादप्पांनी मान हलवली, जणू खरंच आहे ते. मग दुसरं पोर बोलायला लागलं.

"हे मलप्पाचं पोरगं," ते म्हणाले. "मलप्पाचं घरच बुडालं. याला ऐकणारं कोण हाय?" त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "हे टाका यात. राहिलेली समदी लेकरं टाका. घाई करू नका, मॅडम. नीट बघून टाका."

मी हो म्हणाले. मोबाइलवरच्या पिशवीला पीठ लागलं होतं.

"आप्पा, तिच्या ओळी तरी तुम्हाला पाठ असतील," बाई म्हणाल्या.

"पाठ हायत." त्यांनी ओठ हलवले. एक दाणा, दोन पानं. मग थांबले, पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा थांबले. "बोल येतेत, बाई. माझ्याच आवाजात येतेत."

दुसरी पंगत आली. पाठीला दप्तरं अडकवलेल्या पोरी, हातात ताटं, कुणाचा निकाल तर कुणाचं गणित. गुरुपादप्पा उठले, तव्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आप्पा, ही कच्चीच हाय," एक पोरगी म्हणाली.

"आण इकडं," ते म्हणाले, आणि पोळी परत तव्यावर टाकली.