मधला चालू आहे

इमारतीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर दुसरी भिंत. त्या खोलीत एक यंत्र दिवसभर आपल्याशीच गुणगुणत असे आणि त्याच्याशेजारी एक माणूस बसलेला असे. पुढच्या दालनातल्या फोनवाल्या त्यांना बटणकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे बटणकाका.

संस्थेचं काम साधं होतं. शहरात एकटी राहणारी जी म्हातारी माणसं, त्यांच्या घरी भिंतीवर एकेक बटण. रोज सकाळी नऊच्या आत ते दाबायचं. दाबलं की पुढच्या दालनातल्या मोठ्या फलकावर त्या घराचा ठिपका हिरवा. नऊ वाजले तरी दाबलं नाही, तर ठिपका लाल. लाल दिसला की फोनवाली फोन लावणार, "काय हो आजोबा, उठलात ना? बरे आहात ना?" म्हातारा म्हणणार, "विसरलो गं," आणि दोघं हसणार. क्वचित कधी पलीकडून कुणीच बोलत नसे. मग धावपळ.

बटण आणि फलक यांच्या मधलं जे काही, ते सगळं काकांचं. ती सर्व्हिस, म्हणजे यंत्रात न दिसता चालणारा प्रोग्राम, त्यांनी लिहिली होती. ना तिला चेहरा, ना खिडकी, ना कुणी तिचं नाव घेतलं. यंत्र चालू झालं की तीही मागच्या मागे चालू व्हायची आणि न बोलता राबायची. तिच्या पोटात चार थ्रेड होते, शहराच्या चार भागांचे चार राबते हात. काकांनी त्यांना नावं दिली होती. जुन्या शहराचा तो थोरला, नदीकाठचा मधला, टेकडीवरचा धाकटा आणि नव्या वसाहतींचं शेंडेफळ. बायको गेल्यापासून काकांच्या घरात नाव घेऊन हाक मारावी असं कुणी उरलं नव्हतं. इथे चौघं होते.

चौघांना चार कप्पे. ज्याने त्याने आपल्या कप्प्यात आपली अवस्था लिहायची: सुरू होतोय, चालू, थांबतोय, थांबला. शिवाय एक पाचवा होता, निरोप्या. तो दर अर्ध्या मिनिटाला चारी कप्प्यांत डोकावून जे वाचेल ते फलकाच्या माथ्यावर लावायचा. थोरला चालू. मधला चालू. धाकटा चालू. शेंडेफळ चालू.

सुरुवातीला कप्प्यात अवस्थेशेजारी वेळही लिहिली जायची. दोन मिनिटांत कुणी नव्याने काही लिहिलं नाही, तर निरोप्या सांगायचा, "कळत नाही," आणि फलकाचा माथा पिवळा व्हायचा. तेव्हा तारा संथ होत्या. पिवळा दिवसातून दहा वेळा लुकलुकायचा. फोनवाल्यांच्या मोठ्या बाई एकदा कमरेवर हात ठेवून खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"काका, तुमच्या ह्या पिवळ्यानं माझ्या पोरींचा जीव टांगणीला लागलाय. एक तर हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. कळत नाही म्हणजे काय? कळत नाही हे काय सांगायचं असतं होय?"

काकांनी वेळ काढून टाकली. त्या दिवसापासून फलक शांत झाला. निरोप्या जे शेवटचं ऐकलं तेच सांगत राहायचा. ह्याला सात वर्षं झाली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला काका पाण्याची बाटली भरायला पुढच्या दालनात आले. मोठ्या बाई खुशीत होत्या.

"काका, तुमच्या मधल्याची दृष्ट काढा. नदीकाठचे म्हातारे एकाएकी कसे गुणी झालेत बघा! तीन दिवसांत एक लाल नाही. ते विसरभोळे मास्तरसुद्धा वेळेवर."

"तीन दिवस?" काका म्हणाले.

"सोमवार, मंगळवार, आज. पोरी म्हणतात, त्यांना काही पाजलं-बिजलं की काय!"

काकांची बाटली भरून वाहू लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. नदीकाठच्या एकसष्ट म्हाताऱ्या माणसांतलं एकही तीन दिवस लागोपाठ विसरत नाही, असं होत नसतं.

खोलीत येऊन त्यांनी मधल्याच्या पोटात पाहिलं. रविवारी दुपारी त्याने नदीकाठच्या पेटीला, जिच्यात त्या भागातल्या बटणांचे निरोप आधी जमा होत, काहीतरी विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत बसला होता. किती वेळ वाट बघायची, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मेला नव्हता, जागाही नव्हता. वाट बघत होता. रात्री बाराला यादी पुसून नवी धरायची, तीही पुसली नव्हती. रविवारचे हिरवे ठिपके तसेच्या तसे, शिळे. आणि वर निरोप्या छाती काढून सांगत होता: मधला चालू.

काकांनी त्याला सोडवला. नदीकाठच्या पेटीने तीन दिवसांचं साठवून ठेवलेलं सगळं भडाभडा ओतलं. काकांनी एकेक ओळ वाचून काढली. एकसष्टांपैकी साठांनी तीन दिवसांत कधी ना कधी बटण दाबलं होतं. त्रेचाळीस नंबरने एकदाही नाही.

त्रेचाळीस नंबर म्हणजे एक आजी. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. नातेवाईक: भाचा, दुसऱ्या गावी. मोठ्या बाईंनी स्वतः फोन लावला. वाजला, वाजत राहिला, थांबला.

"मी जातो," काका म्हणाले. सात वर्षांत ते कुणाच्या घरी गेले नव्हते.

बसमध्ये त्यांना जागा मिळाली तरी ते उभेच राहिले. तीन मजले चढताना प्रत्येक वळणावर मनात येई, दार फोडावं लागलं तर? वास आला तर? दारापाशी थांबून त्यांनी आधी खोल श्वास घेतला. वास आला तो ओल्या फरशीचा. बेल दाबली.

"उघडंच आहे," आतून आवाज आला. खणखणीत.

आजी टेबलाशी बसल्या होत्या. केस विंचरलेले, साडीच्या निऱ्या चापूनचोपून. पुढ्यात एक कागद आणि त्याच्यावर आडवं पेन. काका धापा टाकत, विचारल्याशिवायच समोरच्या खुर्चीत बसले.

"बटणवाले ना?" आजी म्हणाल्या. "पाणी पी आधी. तूच मरशील."

"आजी, फोन का नाही उचललात?"

"तो फोन सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी वाजायला हवा होता. तो आज बुधवारी अकरा वाजून चाळीसला वाजला. तीस वर्षं एक्स्चेंजला काढलीत बाबा. कुठला फोन उचलायचा आणि कुठला नाही, ते कळतं मला."

"तुम्ही मुद्दाम दाबलं नाही?"

"मुद्दाम." आजींनी कागद त्यांच्याकडे सरकवला. वृद्धाश्रमाचा अर्ज होता. "भाचा मागे लागलाय. मावशी, तू एकटी, तुझं काही झालं तर. मी म्हटलं, मला बघणारी माणसं आहेत. तो म्हणतो, ते बटणाला बघतात, तुला नाही. लाव म्हटलं पैज. तीन दिवस दाबत नाही. दाराशी कुणी आलं तर मी ह्याच घरात राहणार. नाही आलं, तर सही. आज पाचला येतोय न्यायला कागद."

भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. खिडकीत एक कुंडी होती, खालून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आली. घर लहान होतं आणि कुठे काय ठेवलंय ते आजींच्या हातांना डोळे मिटून ठाऊक असावं, इतकं ते त्यांचं होतं.

"तर मग जिंकले म्हणायचं," आजी म्हणाल्या. डोळे लुकलुकत होते. "उशिरा का होईना, आलास. मी दाबलं नाही म्हणून आलास ना?"

हो म्हणायला किती लागतं? एक अक्षर. आणि उद्यापासून ते खरंही झालं असतं. कप्प्यात वेळ परत लिहायची, वाट बघण्याला मर्यादा घालायची, दुपारभराचं काम. काकांची जीभ 'हो'पर्यंत आलीही.

"नाही आजी," ते म्हणाले. "आम्हाला कळलंच नव्हतं. फलकावर तुम्ही तिन्ही दिवस हिरव्या होतात. फोनवाल्या बाई सहज थट्टेत काही बोलल्या, म्हणून मी बघितलं. त्या बोलल्या नसत्या तर... चूक माझी आहे. सात वर्षांपूर्वीची."

आजी चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, काच स्वच्छ होऊन गेली तरी.

"हिरवी होते म्हणतोस."

"हो."

"सोमवारी मी नऊपासून फोनशेजारी बसले होते. दहा झाले, अकरा झाले. म्हटलं, गर्दी असेल. मंगळवारी आंघोळीला जाताना दार उघडं ठेवलं, वाजला तर ऐकू यावा म्हणून. आणि तिकडे मी हिरवी." त्या जराशा हसल्या. "तुला हो म्हणता आलं असतं. का नाही म्हणालास?"

"सात वर्षं माझं काम तेच करत होतं. विचारलं की हो."

"तुझ्या घरी कोण विचारतं?"

"ताई आहे, परगावी. रोज सकाळी मेसेज करते, कसा आहेस म्हणून."

"आणि तू?"

"मजेत."

"रोज?"

काकांनी उरलेलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. आजींनी चष्मा लावला, पेन उचललं आणि अर्जावर सही केली. सुबक, जुन्या वळणाची.

"आजी, मी दुरुस्त करतोय. आजच."

"कर की. बाकीची साठ माणसं आहेत. पण पैज ती पैज." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "शनिवारी दुपारी गाडी येईल. तोवर दाबायचं का रे ते?"

"दाबा."

"नाही दाबलं तर?"

"तर येईन."

त्या दुपारी काकांनी कप्प्यांत वेळ परत आणली. प्रत्येकाच्या वाट बघण्याला हद्द घातली. निरोप्याला पुन्हा 'कळत नाही' म्हणायला शिकवलं. पहिला पिवळा लुकलुकला तेव्हा मोठ्या बाई दारापर्यंत आल्या, कमरेवर हात गेले. पण काकांचा चेहरा बघून तशाच परत गेल्या.

गुरुवारी नऊ वाजले आणि त्रेचाळीस नंबर लाल झाला. फोनवालीने रिसीव्हर उचलला, तोवर काका जिन्यात होते. आजींनी दोन कप मांडून ठेवले होते. "एकोणतीस मिनिटं," त्या घड्याळ बघत म्हणाल्या, "बरं आहे तुझं काम." शुक्रवारीही लाल. त्या दिवशी काकांनी माळ्यावरची ट्रंक उतरवून दिली, भांडी कागदात गुंडाळली आणि बायकोबद्दल बोलले. ती गेल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच. आजी भांडी पुसता पुसता ऐकत होत्या. एक्स्चेंजवाल्या माणसाला ऐकता येतं.

शनिवारी काका आठलाच कामावर आले. येताना भांडी बांधायला दोरी आणली होती. पुढच्या दालनात अजून कुणी नव्हतं. फलकाखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं.

त्रेचाळीस हिरवा होता. सहा वाजून दहा मिनिटांनी दाबलेला, साऱ्या नदीकाठात पहिला. शेजारी वेळ लिहिलेली होती, ताजी, खरी. शंका घ्यायला जागा नव्हती. आजी उठल्या होत्या, बऱ्या होत्या, कुणी यायची गरज नव्हती.

काकांनी दोरी टेबलावर ठेवली. नऊ वाजले. एकेक फोनवाली येऊन जागेवर बसली, धाकट्याच्या भागात दोन लाल होते, त्यांना फोन लागले, हसणं झालं. काका आपल्या खोलीत गेले. दुपारी गाडीची वेळ टळून गेल्यावर त्यांनी मधल्याची यादी उघडली. आजवर ह्या यादीतून ज्या ओळी गेल्या, त्या माणूस वारल्यावर, कुणी न सांगताच गेल्या होत्या; ही पहिलीच, जाते म्हणून सांगून गेलेली. त्रेचाळीस नंबरपुढे त्यांनी हळूच लिहिलं: थांबला. शेजारी वेळ घातली.

मग मधल्याला साठ माणसांची यादी देऊन त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि त्याने पहिला निरोप लिहीपर्यंत ते पडद्याकडे बघत राहिले.