खणातले बिल्ले

ह्यांच्या कामावरच्या साहेबांनी बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसली. जसा काही रक्ताचा कॅन्सर खुर्चीला चिकटून बसतो! मला तिथेच किळस आली त्यांची. येताना संत्र्यांची पिशवी आणली होती. ह्यांच्या तोंडभर फोड आलेले, घोटभर पाणी गिळताना जीव जातो, आणि म्हणे संत्री.

"वहिनी, मी मुद्दाम आकडे बघून आलोय," साहेब म्हणाले. "तुमच्या मिस्टरांना मिळालेला डोस अगदी मामुली आहे. एवढ्याशा किरणांनी काही होत नसतं. हा आजार काय, कुणालाही होतो."

नाकाने कांदे सोलावेत ते या माणसाने. हे अणुभट्टीजवळच्या पाइपांचं वेल्डिंग करायचे. आत जाताना छातीवर बिल्ला लावायचा असतो; अंगात किती किरणं गेली ते तो मोजतो. मर्यादा भरली की त्या माणसाला वर्षभर आत पाठवत नाहीत, आणि ठेकेदाराच्या माणसाला काम नाही तर पगार नाही. म्हणून अख्खी टोळी आत शिरण्याआधी बिल्ले काढून मुकादमाच्या टेबलाच्या खणात टाकायची. मुकादमाला माहीत, साहेबांनाही माहीत. साहेबांनी आणलेला मामुली आकडा त्या खणाचा होता. खण ठणठणीत आहे.

"सांगा ना त्यांना," मी ह्यांना म्हटलं. "बिल्ला कुठे असायचा ते सांगा. अहो, आता तरी!"

हे मिठाची गुळणी धरून पडून राहिले. का, ते मला कळत होतं. खाटेच्या पायथ्याशी माझा धाकटा दीर उभा होता. ह्यांच्या जागी सोमवारपासून त्याला घेणार होते. ह्यांनी तोंड उघडलं असतं तर ती नोकरी गेली असती. मला नेमकं तेच हवं होतं. त्याची बायको गरोदर आहे. उद्या तिच्यावर अशी खाटेशी बसायची पाळी येऊ नये, एवढंच.

शेवटी मीच विचारलं, "भावजी, तुमचा बिल्ला कुठे राहणार?"

"काय वहिनी!" तो हसला. "छातीवर मिरवत बसलो तर तीन महिन्यांत घरी माश्या मारत बसेन."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना काही ऐकूच आलं नाही. एरवी कान भलते तिखट.

तेवढ्यात ह्यांनी भावाला खुणेने जवळ बोलावलं. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता म्हणतील, जाऊ नकोस. दीर वाकला. ह्यांचा आवाज पार बसला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"अगदी पहिल्या दिवसापासून काढू नकोस. कोऱ्या बिल्ल्याचा तपासणीत संशय येतो. थोडे दिवस लाव, मग टाक खणात."

"बरं, दादा."

मी ह्यांच्या उलट्या काढल्या आहेत, घाण झालेल्या चादरी हाताने धुतल्या आहेत. कधी किळस वाटली नाही. त्या दुपारी वाटली. ह्यांनी उठून बसायला माझ्याकडे हात पुढे केला, आणि मला तो धरवेना.