निजलेलं उठतं

"हा पट्टा गेला तर गालिचा राहील. नाहीतर उद्या गालिचा बाहेर आणि नवी फरशी आत," सून कमरेवर हात ठेवून म्हणाली.

गालिचे धुणाऱ्या बाई गुडघ्यांवर बसल्या. खुर्चीपासून खिडकीपर्यंत गालिच्यावर पायवाट पडली होती, मध्ये जरा वाकडी. त्यांनी अंगठ्याने लोकरीची लव उलटी करून बुडाशी पाहिलं.

"झिजलेलं परत येत नाही ताई, पण निजलेलं उठतं. हे बरंचसं नुसतं निजलंय."

"बघा हं, तुमच्या भरवशावर आहे."

"माझ्यावर कशाला, लोकरीवर ठेवा."

खुर्चीतले सासरे खुदकन हसले. त्यांची दृष्टी गेली होती, पण कान तिखट होते. "सूनबाई, ही तुला पुरून उरणार!"

"बाबा, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका."

बाईंनी पायवाटेचा फोटो काढला. मग धूळ ओढली, कोपऱ्यात ओला पांढरा फडका दाबून रंग सुटत नाही ना ते पाहिलं आणि यंत्र सुरू केलं. टाकीत काळंकुट्ट पाणी जमू लागलं तसा त्यांचा चेहरा खुलला. शेवटी ब्रशने सगळी लव एकाच दिशेला उभी केली. ओली लव जशी उभी करावी तशीच वाळते. पायवाट नाहीशी झाली.

"अगंबाई, नवाच की!" सून म्हणाली.

सासरे उठले, अनवाणी पाऊल टाकलं आणि थांबले. पावलाने वाट डावीकडे चाचपली, मग उजवीकडे.

"सूनबाई, खिडकी कुठंय गं?"



"मी नेते ना हात धरून."

"आजवर कधी नेलंस?"

"तुम्ही कधी मागितलाच नाही हात!"

"म्हणून तर." ते पुन्हा खुर्चीत बसले. "राहू दे. खिडकीतून मला कुठं काय दिसतंय!"

बाईंनी हातातल्या ब्रशकडे पाहिलं. आजच्याइतकी सरळ लव त्यांना क्वचितच साधली होती. "ताई, वाळायच्या आत सांगा. वाळल्यावर माझ्या हातात नाही."

सून ओठ चावत गालिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "परत निजवता येतं?"

"येतं. पण त्यांच्याच पावलांनी."

बाईंनी फोन सुनेच्या हातात दिला. "आधीचा फोटो यात आहे. वाट तुम्ही सांगा." आणि सासऱ्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"सरळ... आता जरा डावीकडे, बाबा. इथं तुम्ही नेहमी वळता!"

"टेबल होतं तिथं. तुझ्या सासूचं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी खांदा नुसता बोटांनी धरला. तिसऱ्या खेपेला सोडला.

बाईंनी नळी गुंडाळली, यंत्र उचललं आणि भिंतीच्या कडेकडेने, लव न मोडता, दाराकडे गेल्या. मागे सासरे पाय घासत वाकड्या वाटेने खिडकीशी पोहोचले होते आणि तिची कडी स्वतःच काढत होते.