नसलेल्या रंगाची वजाबाकी

सुनेच्या मनगटाकडे एक नजर टाकून सरांनी ‘सावळा वर्ण’ हे बटण दाबलं, यंत्राचं टोक नातवाच्या कपाळावर टेकवलं आणि बाळाकडे न बघताच ते पडद्यावरचा आकडा वाचायला लागले.

“नऊ. म्हणजे काळजीचं कारण नाही. बघितलंस, शंकासुर? सुई नाही, रक्त नाही, रडारड नाही.”

शंकासुर हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती त्यांची विद्यार्थिनी असताना फळ्यावरच्या प्रत्येक ओळीला तिचा हात वर जायचा. आता तीही तेच गणित शिकवत होती : कातडीत शिरलेला प्रकाश कुठे शोषला जातो आणि किती धडपडत परत बाहेर येतो. सरांनी तिला घरी बोलावलं होतं ते काही नातू बघायला नव्हे. नवजात बाळांची कावीळ मोजणाऱ्या या यंत्राचं सूत्र बरोबर आहे, अशी तिची सही त्यांना तपासणी समितीपुढे ठेवायला हवी होती.

सूत्र तिने वाचलं होतं. वाचताना हसू आलं होतं. बाळ सावळं असेल तर आकड्यातून एक ठरलेली संख्या वजा, की झालं! एका चुकलेल्या चिन्हासाठी तिचा प्रबंध परत पाठवणारा माणूस हा. आता वाण्याने सूट द्यावी तशी वजाबाकी करत होता. भिंतीवरची मानपत्रं मात्र छताला टेकली होती.

“ही वजाबाकी कुठून आणलीत, सर?”

“माणसं मोजून.”

“मोठी माणसं?”

“कातडी ती कातडी.”

“जन्मतः बाळ आईइतकं सावळं नसतं, सर. रंग नंतर चढतो. तुम्ही नसलेला रंग वजा करताय. त्याच्या नावाखाली कावीळच वजा होतेय.”

सर मोठ्याने हसले. “फळ्यापुढे जन्म काढलेल्यांचं हे असंच. आधी एक यंत्र बनवून दाखव, मग बोल.”

परवापरवापर्यंत यांच्याच सदऱ्यावर खडूची भुकटी असायची, हे तिने ओठांवरून परत गिळलं. उत्तर देण्याइतकाही आदर आता उरला नव्हता.

“सकाळपासून दुधाला उठत नाहीये हा,” सून हळूच म्हणाली.

“शांत आहे. माझ्यावर गेलाय,” सर म्हणाले.

शंकासुराने बाळाला खिडकीपाशी नेलं. त्याच्या छातीवर अंगठा हलकेच दाबून उचलला. दाबलेली जागा क्षणभर पिवळीधमक दिसली.

“रक्त तपासून घे. आत्ताच जा.”

“अगं, नऊ आलाय!” सर ओरडले. “नऊ!”

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. मग चपला पायात सरकवल्या, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि ती जिना उतरली. शंकासुरही सही न करता निघाली. वाटेत तिने सरांसाठी एक वाक्य घासूनपुसून तयार केलं. चांगलं धारदार होतं.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

“ऐकतेस ना? कावीळ उतरवायला त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी बांधलीय.” सरांनी आवाज खाली आणला. “तो निळा प्रकाश... आत किती जातो गं?”

हा धडा त्यांनी वर्षानुवर्षं शिकवला होता. तिच्या जिभेवरचं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

“जेमतेम कातडीपुरता, सर. पण तेवढा पुरतो. काविळीचा अंश तिथेही असतोच, आणि रक्त खेळत राहतं.”

“पुरतो ना?”

“पुरतो.”

पलीकडे सुटलेला श्वास तिला ऐकू आला.

“आणि ती वजाबाकी?” तिने विचारलं.

“ते वेगळं.” आवाज लगेच व्यासपीठावर चढला. “एका पोरावरून सूत्रं बदलत नसतात.”

तिने डोळे मिटले. या माणसाची कीव करायचीही सोय नव्हती.

“बाबा, फोन द्या इकडे.” मागून सुनेचा आवाज आला, फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. “ताई, मी बोलतेय. रक्तातला आकडा एकोणीस आलाय. यंत्राचा नऊ. दोन्ही कळवायचे आहेत, माझ्या नावाने. कुणाला कळवू?”

तपासणी समितीच्या प्रमुख डॉक्टरांचं नाव शंकासुराने सावकाश, एकेक अक्षर करून सांगितलं. सून ते मोठ्याने म्हणत लिहून घेत होती. तिच्या शेजारीच सर उभे असणार.