मागच्या काचा उघडत नाहीत

"लिटरला वीस म्हणता, ते सात माणसं बसवून मोजलंय की नुसता ड्रायव्हर बसवून?" मी विचारलं.

शोरूममधला टायवाला हसला. "आजी, कंपनीचा आकडा आहे तो."

"मग कंपनी येणार आहे का आमच्यासोबत हिंडायला? आणि आजी तुमच्या घरची. मला मावशी म्हणा."

मुलाने मान खाली घालून उगाच मोबाइल चाळायला घेतला. मी चारचौघांत बोलायला लागले की तो लहानपणापासून हेच करतो, तेव्हा मोबाइल नव्हता म्हणून चपलेचा अंगठा बघायचा. सून सातव्या महिन्याची, ती खुर्ची शोधून टेकली होती. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पंख्याखाली उभ्या राहून रुमालाने वारा घेत होत्या. पंख्याखाली. आणि नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, ती एका गाडीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडत होती.

जुनी छोटी गाडी मुलाने आधीच विकून टाकली होती. तीत चार माणसं बसली की पाचव्याने श्वास कुणाच्या तरी परवानगीने घ्यायचा. आता घरात नवं माणूस येणार, आणि विहीणबाई गेल्या वर्षापासून आमच्याकडेच राहायला. एकुलती लेक, तिकडे घरात एकट्या, म्हणून मीच म्हटलं होतं, या. माझ्या घरात कुणी यायचं तर मी बोलावल्याशिवाय येत नाही. गाडीचंही मीच म्हटलं होतं. "अख्खं घर एका गाडीत मावलं पाहिजे. अर्धे आत्ता या आणि अर्धे मागनं या, असले वरातीचे प्रकार मला नकोत."

तर ती गाडी समोर उभी होती. पांढरी, लांब, नाकाने शिष्ट.

"बसून बघूया सगळे," मी म्हटलं. "चपला घेताना पायात घालून बघतो ना?"

मुलगा स्टिअरिंगवर बसला. कुणी विचारलंही नव्हतं, तरी विहीणबाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मला गाडी लागते ना," त्या म्हणाल्या. "पुढेच बरं पडतं."

यांना गाडी लागते हे मला मान्य आहे. पण गाडी चालू तरी व्हायची होती. उभ्या गाडीतसुद्धा यांनी खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले.

मधल्या सीटवर एका टोकाला बाळाची खुर्ची बसणार, ती तान्ह्या मुलांची पट्ट्यांची असते ती. तिच्याशेजारी सून. दुसऱ्या टोकाला भिंगरी. भिंगरीला मागे बसवून चालत नाही, पोटात ढवळतं. त्या बाबतीत ती आईच्या आईवर गेली आहे.

"आणि मागे?" टायवाल्याने विचारलं. त्याने मागच्या दोन सीटांपैकी एक पाडून दाखवली. "इथे बाळाची ढकलगाडी, बॅगा. आणि शेजारी एक जण आरामात."

सगळे आत, मी बाहेर. काचेतून चारही तोंडं माझ्याकडे वळली. सून काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. मला ते आवडलं नाही. कुणी माझी सोय लावावी, कुणी माझ्यासाठी सरकावं, ही वेळ मी आजवर येऊ दिलेली नाही.

"मी बसते की मागे," मी म्हटलं. "मला काय धाड भरलीय?"

बोलले, आणि थांबले. आता मुलगा म्हणेल, नको आई, तुझा गुडघा. मग मी म्हणणार, गुडघ्याचं कौतुक नको. मग तो दोनदा म्हणेल, आणि मग काय ते ठरेल. आमच्या घरात असंच ठरतं.

"बघ," मुलगा सुनेला म्हणाला, "प्रश्नच मिटला. मी उगाच आठवडाभर विचार करत होतो, आईला कसं सांगायचं."

मग काय, बसले. भिंगरीला उतरवून टायवाल्याने तिची सीट बाहेरून खटका दाबून पुढे दुमडली. त्या फटीतून वाकून, डोकं सांभाळून, दुखरा पाय हाताने उचलून आत घेतला. गुडघे छातीशी आले. भिंगरीची सीट खाड्कन माझ्यासमोर बसली.

"काच कुठून उघडते?" मी विचारलं.

"मागच्या काचा उघडत नाहीत मावशी. पण एसीचं तोंड आहे, फोन चार्ज करायची सोय आहे, ग्लास ठेवायला खाचसुद्धा आहे."

"आणि उतरायचं झालं तर?"

"बाहेरून कुणीतरी सीट दुमडायची. एका सेकंदाचं काम."

"छान आहे," मी म्हटलं. "कोंबड्या नेतात तसं."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या बोलण्यावर माणसं हसतात, याचा मला कायम अभिमान वाटत आलेला आहे.

यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण ती घरी ठरूनच गेली होती. आमच्या इमारतीखाली आम्हाला गाडीची एकच जागा आहे. त्या जागेवर माझी व्हॅन उभी असायची, मुलाची छोटी गाडी बाहेर रस्त्यावर.

माझी लाँड्री आहे. आता मुलगा बघतो, पण उभी मी केली. मुलगा पाचवीत होता तेव्हा त्याचे वडील गेले. मागे राहिली दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि ती व्हॅन, आणि व्हॅन चालवणारा कुणी नाही. लॉजवाले म्हणाले, चादरी वेळेवर आल्या नाहीत तर दुसरीकडे टाकू. बर्फाच्या कारखान्याचा एक म्हातारा ड्रायव्हर होता, त्याच्याकडून मोकळ्या मैदानात गाडी शिकले. माझी शाळा चौथीपर्यंत. लायसन्सच्या परीक्षेला रस्त्यावरच्या खुणा मी चादरीवरच्या छापासारख्या पाठ केल्या, लाल गोल, पांढरी पट्टी. पास झाले. साहेब म्हणाला, बाई, जपून चालवा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही जपून चाला, मी येतेय रस्त्यावर.

तेव्हापासून रोज सकाळी मागे चादरी, टॉवेल, अभ्र्यांची गाठोडी, पुढे मी. लॉजच्या चादरींवर काय काय डाग असतात ते सांगायची सोय नाही, पण मी काढू शकले नाही असा डाग मला अजून भेटायचाय. चहा, रक्त, गंज, शाई, तेल. प्रत्येकाचं औषध वेगळं.

आणि माल टाकून झाला की परतताना मी व्हॅन कालव्याच्या कडेला उभी करायची. दार सताड उघडं टाकायचं, पाय बाहेर सोडायचे, थर्मासमधला चहा प्यायचा. बस. पाण्याकडे बघायचं. कुणी आई म्हणत नाही, आजी म्हणत नाही, मावशी, चादरी मोजून घ्या, म्हणत नाही. घरी वाटायचं, लॉजवर वेळ लागतो. लागू दे वाटायला. अख्ख्या आयुष्यात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती, आणि तिला चाकं होती.

"आई, आता टेम्पोवाला लावलाय ना आपण," मुलगा म्हणाला होता. "तू कशाला दगदग करतेस? व्हॅन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. तेल पिते, तेल गळते. वॉचमन रोज बोंब मारतो खाली डाग पडतो म्हणून."

"तुझा तो वॉचमन चहा सांडतो त्याचे डाग दिसत नाहीत त्याला," मी म्हटलं होतं. मुलाला तो होकार वाटला. माझ्या बोलण्यातून लोक हवं ते घेतात, आणि मी कधी दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्त करायला जरा हळू आवाजात बोलावं लागतं. ते मला येत नाही.

व्हॅन बघायला आलेला माणूस तिच्या अंगावर बोटाने टकटक करत फिरला. दार उघडून नाक आत घातलं. "वास कसला?"

"साबणाचा," मी म्हटलं. "तुम्हाला ओळख नसेल."

मुलगा म्हणाला, "आई!"

बघायला आलेल्याला वाटलं होतं, तो म्हणेल त्या भावाला मी देईन. मी त्याला इतकं घासलं, इतकं घासलं, की शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या." भाव वाढवून मिळाला. मुलगा खूश, सून खूश. विहीणबाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून." मला ते ऐकून बरं वाटलं हेही खरं. जिंकल्यावर कळलं की मी माझीच व्हॅन चढ्या भावाने घालवली.

थर्मास तेवढा मी काढून घेतला.

नव्या गाडीची पहिली मोठी फेरी झाली ती बाळाला दवाखान्यातून घरी आणायची. पुन्हा मुलगी. गुलाबी, मिटल्या मुठींची, आणि आवाज माझा. नर्स म्हणाली, केवढी ओरडते हो! मी म्हटलं, ओरडू दे, घरात ऐकू जायला हवं असेल तर आत्तापासून सवय हवी.

मी शहाण्यासारखी आधीच मागे शिरून बसले. शेजारी ढकलगाडीची दुमडलेली चाकं माझ्या मांडीला लागत होती. पुढे विहीणबाई डोळे मिटून. मधे सून, बाळ, भिंगरी. मला दिसत होत्या त्या त्यांच्या मानांच्या मागच्या बाजू. रस्ता दिसत नव्हता. इतकी वर्षं मी रस्ता समोरून येताना पाहिला, आता तो बाजूने निघून जाताना दिसत होता. मुलगा वळणावर ब्रेक उशिरा दाबतो हे मला पाठीला कळत होतं.

"अरे, क्लच आधी..." मी म्हटलं.

"आई, क्लच नाहीये हिला," तो म्हणाला.

इमारतीखाली गाडी थांबली आणि एकच गडबड उडाली. बाळाने टाहो फोडला. सून म्हणाली, "पट्टा, पट्टा सुटत नाहीये." विहीणबाई म्हणाल्या, "डोकं धरा, डोकं." भिंगरी "माझी बहीण, माझी बहीण" करत उडी मारून जिन्याकडे पळाली. मुलाने बाळाला घेतलं, सुनेला हात दिला, विहीणबाईंनी बॅग घेतली. दारं लागली. जिन्यावरून मुलाने किल्लीचं बटण दाबलं, टूक असा आवाज आला आणि गाडीचे दिवे एकदा मिचकावून बंद झाले.

मी आत.

पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, आत्ता येतील. भिंगरीच्या सीटवरून हात घालून खटका शोधला, हात पोचेना. दुखरा गुडघा वळेना. काचेवर बोटं टेकवली, तशीच ठेवली. ठोकलं असतं तर आवाज गेला असता. वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने बघावं, की ही, जी अख्ख्या इमारतीला चार शब्द सुनावते, ती काचेमागे टकटक करतेय? वरून बाळाचा आवाज येत होता. माझ्या नातीचा. मी तिला अजून मांडीवरसुद्धा घेतली नव्हती.

फोन? फोन बॅगेत, बॅग विहीणबाईंच्या हातात.

वॉचमन पाण्याची बादली घेऊन चालला होता. गाडीजवळ आला, थबकला, वाकून बघितलं. मी पदर सारखा केला, ताठ बसले.

"मावशी? आत काय करताय?"

"हवा खातेय," मी म्हटलं.

त्याला ऐकू गेलं नाही. कानाला हात लावून त्याने मान हलवली. मी हाताने खूण केली, जा, जा, कामाला लाग. तो गेला. तो जाईपर्यंत मी हसरं तोंड धरून ठेवलं, मग सोडलं. गाडीत हवा जड व्हायला लागली होती. नव्या रबराचा, प्लास्टिकचा वास. माझ्या मांडीवर माझे हात पडले होते. काहीच न धरलेले. मला आठवेना, व्हॅनमध्ये बसले की हे हात कुठे असायचे. मग आठवलं, अर्थातच.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मुलगा धावत खाली आला, तोंड उतरलेलं, मागे भिंगरी. टूक झालं, दार उघडलं, वारा आत आला.

"आई! अगं हाक मारायची! काच वाजवायची! मला वाटलं तू भिंगरीबरोबर वर गेलीस." त्याचा आवाज खरंच कापत होता. त्या घडीला मी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हटलं असतं, बाबा, मला नाही जमत इथे. तो ऐकायला उभाच होता. माझं कपाळ घामाने ओलं झालेलं त्याला दिसत होतं.

"कशाला हाक मारायची?" मी म्हटलं. "मीच म्हटलं, बसावं जरा. वर तुमचा गोंधळ. इथे कसं निवांत."

त्याच्या खांद्यावरून ओझं उतरलेलं मला दिसलं. लहानपणी ताप उतरला की तो असाच दिसायचा.

"हो ना? आहेच आरामशीर ती सीट," तो म्हणाला. भिंगरीने खटका दाबला, सीट दुमडली, मुलाने हात पुढे केला. मी तो घेतला नाही. दाराची कड धरून, आधी बरा पाय, मग दुखरा, अशी उतरले. वर गेल्यावर तो सुनेला सांगताना मी ऐकलं, "आईला मागची सीट जाम आवडलीय. उतरायलाच तयार नव्हती." विहीणबाई म्हणाल्या, "बघा, नशीबवान आहेत. मला जमलं नसतं."

मी हात धुतले आणि बाळाला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन कामावर गेल्यावर मी खाली उतरले. जागा रिकामी होती. मधोमध व्हॅनच्या तेलाचा डाग, काळा, चांगला परातीएवढा. वॉचमनने झाडूवालीला आणून उभं केलं होतं, हातात ब्रश, पावडरचा डबा.

"मावशी, साहेबांनी सांगितलंय हा काढून टाकायला," तो म्हणाला. "नव्या गाडीखाली बरा दिसत नाही. तुम्हीच सांगा हिला, कशाने निघेल?"

आधी लाकडाचा भुसा पसरायचा, तेल शोषू द्यायचं. मग गरम पाण्यात सोडा, कडक ब्रश, एकाच दिशेने. दोन हात मारले की फरशी कोरी. मी वाकून डागावर बोट फिरवलं. बोटाला अजून काळं लागत होतं.

"हा निघायचा नाही," मी म्हटलं. "राहू दे."